जांभळ्या कापडाचा खुलासा

मार्थामावशी,

तुला मातीत ठेवलं त्या सकाळी वेदीवर हिरवं कापड होतं. मिस्सेच्या प्रार्थनेला अर्धा तास उरला असताना फादर म्हणाले, पांढरं घाला. पांढरं कुठं आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. तुझ्या भाचीनं, रोझीनं, चॅपेलमधलं कपाट उचकलं. लाल निघालं, जांभळं निघालं, पांढरं नाही. शेवटी ते तुझ्याच पडवीत दोरीवर सापडलं. मारियामातेच्या सणासाठी तू ते धुऊन वाळत घातलं होतंस, मग आत जाऊन पडलीस ती उठलीच नाहीस. कापड अजून दमट होतं. इस्त्री न करता तसंच घातलं. सुरकुतलेलं कापड वेदीवर बघून तू रोझीला चांगलं ऐकवलं असतंस.

मी शेवटच्या बाकावर बसले होते. पुढच्या दोन बायका मान वळवून कुजबुजल्या. "हीच ना ती पत्रकवाली?" "हीच." मला कुणी ऊठ म्हणालं नाही. म्हणालं असतं तर बरं वाटलं असतं.

पत्रकं काढणं हे माझं काम आहे. कशेळ्याच्या बाजारात, जीपच्या थांब्यावर, कर्जत स्टेशनच्या बाहेर उभी राहून मी ती वाटते. कुणी वाडीची वाट अडवली, कुणी विहिरीला कुंपण घातलं, मंजूर झालेला रस्ता कुठं गेला. लिहायलाही मी पत्रकांवरूनच शिकले. मथळ्यात प्रश्न, पहिल्या ओळीत आरोपी, शेवटी जाब विचारा. दुसरं काही लिहायची मला सवय नाही. त्यामुळे हेही तसंच होईल, खडबडीत. आणि खरं सांगायचं तर मावशी, थकलेय मी. जाब विचारून नाही. एक जाब दोन वर्षं चुकवून.

पहिल्यांदा तुझ्याकडे आले ती पंचशील ध्वज शिवून घ्यायला. बुद्धपौर्णिमा जवळ आली होती, आमच्या वस्तीतला जुना ध्वज फाटला होता आणि कुणीतरी सांगितलं, कर्जतहून खालापूरकडे जाताना चॅपेलशेजारी एक बाई शिवते. तू पडवीत मशीनवर बसली होतीस. मान वर न करता विचारलंस, "रंग कुटल्या क्रमानं?"

"निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी. मग शेवटची पट्टी सगळ्या रंगांची."

"ती शेवटची लय तरास देणार. बरं, अर्थ काय ह्यांचा?"

मी म्हटलं, निळा करुणेचा, पिवळा मध्यम मार्गाचा. आणि लालापाशी अडकले. मशीन थांबलं. चष्म्याच्या वरून बघितलंस. "आपल्याच झेंड्याचे रंग येत नायत, अन् मघाशी चॅपेलात डोकावून मला इचारलंस, वेदीवर एवढं भारी कापड कशाला."

मला राग आला होता. घरी जाऊन आईला पाचही रंग विचारले आणि ध्वज न्यायला आले तेव्हा तुला धडाधडा म्हणून दाखवले. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "आता माजे ऐक."

तुझे रंग तू कधी पुस्तकातले सांगितले नाहीस. धुण्यातले सांगितलेस. पांढरं नाताळचं आणि ईस्टरचं, कारण पांढरं एकदा घातलं की धुवावंच लागतं, रोज कोण धुणार. लाल रक्ताचं आणि आगीचं. झावळ्यांच्या रविवारी, गुड फ्रायडेला, पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी. लालाचा रंग जातो, ते एकटंच भिजवायचं. जांभळं पश्चात्तापाचं, नाताळच्या आधी आणि ईस्टरच्या आधी. ते उन्हात विटतं, सावलीत वाळवायचं. आणि हिरवं मळखाऊ, म्हणून बाकीच्या दिवसांचं.

"बाकीचे म्हणजे?"

"ज्या दिवशी काय नाय ते. वरसातले जास्त दिस हिरवेच असतात गं."

"म्हणजे बिनकामाचे."

"भात कदी वाढतं? सणाला वाढतं का?"

मी हसले होते. तेव्हा माझे सगळे दिवस लाल होते. मोर्चा, निवेदन, ठिय्या. हिरव्या दिवसांचा मला कंटाळा यायचा. आता कधीकधी वाटतं, एखादा साधा हिरवा दिवस मिळावा, ज्या दिवशी कुणाला काही विचारायचं नाही.

काळ्यावरून मात्र आपलं जमलं नाही. पूर्वी मयताच्या मिस्सेला काळं घालायचे, ते कापड अजून ट्रंकेत आहे, असं तू एकदा सहज म्हणालीस आणि मी उसळले. काळा मरणाचा, काळा पापाचा, पांढरा तेवढा पवित्र, हे कुणी ठरवलं? तू तुझा हात माझ्या हाताशेजारी ठेवलास. "दोगींत काळी कोण?"

"तू."

"मग मी पाप का?"

"मी तेच विचारतेय."

"तू इचारतेस. कापड नाय कायबी म्हणत. काळ्यावर रडल्याचे डाग दिसत नाय, म्हणून ते मयताला."

मला ते पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही. पण परवा दोन म्हाताऱ्या फादरांना म्हणाल्या, आमच्या वेळी काळं असायचं, मार्थाला काळंच घाला, तेव्हा मला उठून त्यांच्या बाजूनं बोलावंसं वाटलं. तेवढा अधिकार माझा उरला नव्हता.

ज्यासाठी हे लिहायला बसले ते आता लिहिते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तुमचा ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू होता, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मी स्कूटीवरून खालापूरला मीटिंगला चालले होते. चॅपेलसमोर रस्त्याच्या कडेला दगडी चौथऱ्यावरचा तो लाकडी क्रूस मी रोज बघायचे, किंवा बघायचे नाही म्हण. त्या दिवशी तो वरपासून खालपर्यंत जांभळ्या कापडात गुंडाळलेला होता. दोरीनं बांधलेला. समोरच बंगल्यांसाठी जमीन विकणाऱ्या प्लॉटवाल्यांचं नवं फाटक. त्याच लोकांनी तीन महिन्यांपूर्वी वरच्या वाडीची पायवाट तारेनं बंद केली होती आणि माझी त्यांच्याशी भांडणं चालू होती. मला काही विचार करावाच लागला नाही. बंगले घेणाऱ्यांना दारासमोर गरिबांचा देव नको, म्हणून यांनी झाकायला लावला. मी फोटो काढला.

तुझं घर तिथून चाळीस पावलांवर. तुझं मशीन चालू होतं, मला ऐकू येत होतं. आत येऊन विचारलं नाही. मीटिंगला उशीर होत होता आणि राग तयार होता.

दुसऱ्या दिवशी पत्रक निघालं. मथळा, क्रूस कुणी झाकला? खाली मी जे लिहिलं ते आता परत वाचवत नाही. शेवटची ओळ होती, आज क्रूस झाकता, उद्या माणसं झाकाल.

तू कर्जतला दाऊदभाईंच्या दुकानात गेली होतीस. दाऊदभाई आयुष्यभर तुमच्या चॅपेलला कापड देत आलेले. कॅलेंडर न बघता ते तुला सांगायचे, मार्थाबाई, आता जांभळं लागेल ना. त्यांच्या गल्ल्यावर पत्रक पडलं होतं. त्यांनी फोटो बघितला आणि म्हणाले, "बाई, हे कापड तर मीच फाडून दिलं तुमाला." तिथून तू तशीच स्टेशनबाहेर आलीस. मी वाटत उभी होते.

"कुनी झाकला म्हणून इचारतेस ना? मी झाकला."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"येडी का तू? दरसाल झाकतो. उपासाच्या पाचव्या रविवारपासून गुड फ्रायडेपत्तोर."

आतले क्रूस पुष्कळ ठिकाणी झाकतात, रस्त्यावरचाही झाकायची पद्धत फक्त तुमच्याकडची, तुझ्या सासऱ्यांनी पाडलेली, असं तू सांगत होतीस. मला ऐकू येत होतं ते एवढंच, की माझ्या हातात गठ्ठा आहे आणि समोरून लोक घेऊन चाललेत.

"पण का झाकता?"

"रोज बगून बगून दिसायचा बंद होतो गं. दोन आटवडे झाकला की मानसं थांबतात, कुटं गेला म्हणून. तू नाय का थांबलीस?"

मग हात पुढं केलास. "उरलेली दे इकडं." मी गठ्ठा दिला. वाटलं, जाळशील.

जाळून काही उपयोग नव्हता. फोटो मोबाईलवरून सगळीकडे गेला होता. मावशी, प्लॉटवाल्यांनी तोपर्यंत त्या क्रूसाकडे बघितलंही नव्हतं. पत्रकानंतर बघितलं. हा कुणाच्या जागेत आहे, असं त्यांनी विचारलं. मोजणी झाली. चौथरा रस्त्याच्या हद्दीत निघाला. तुझ्या सासऱ्यांनी ज्या जागी तो उभा केला होता त्या जागेचा कागद कधी कुणी केला नव्हता आणि कधी कुणी मागितलाही नव्हता. वाटेसाठी मी प्लॉटवाल्यांवर केलेला आरोप खरा होता, आजही खरा आहे. हा खोटा होता. आणि तो खोटा होता तरी त्याचं फळ त्यांना मिळालं, तुम्हाला नाही.

नाताळच्या आधी, वेदीवर पुन्हा जांभळं असताना, तुम्हाला क्रूस उपटावा लागला. चॅपेलच्या मागं विहिरीजवळ नेऊन रोवला. रस्त्यावरून आता तो दिसत नाही. तू दोन आठवड्यांसाठी झाकायचीस. कायमचा मी झाकला.

त्या दिवशी मी आले होते. लांब उभी होते. तू मला बोलावून हातात ब्रश दिलास. क्रूस आधी पांढरा होता आणि फादर म्हणत होते, पांढराच राहू दे, पुनरुत्थानाचा रंग आहे. तू हिरव्या रंगाचा डबा उघडून बसली होतीस.

"फादर, लाकूड हाय ते. झाड होतं. भाताचं आवण उपटून दुसरीकडं लावलं की दोन दिस पिवळंच पडतं. हिरवं झालं की समजायचं, धरलं."

"मावशी, क्रूस म्हणजे भाताचं रोप नाही."

"तुमी शेरातले. तुमाला नाय कळायचं."

फादर हसले आणि गेले. आडव्या लाकडाची खालची बाजू मी रंगवली. तू एका शब्दानं मला बोलली नाहीस. तू बोलली असतीस तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते.

तुझं मागणं एकच होतं. "एक खुलासा काड. कापड आमीच घातलं होतं म्हणून लिव. लोक इचारतात गं मला, तुमाला कुनाची भीती हाय का. आमाला कुनाचीबी भीती नाय. आमी सन पाळतो."

मी म्हटलं, आत्ता खुलासा काढला तर वाटेचा लढा मरेल. ते म्हणतील ह्यांची सगळीच पत्रकं खोटी.

"सगळी नाय. एक खोटी हाय ना?"

"एक."

"मग एकच लिव."

मी म्हटलं, सुनावणी झाली की. सुनावणी झाली. मग म्हटलं, निवडणूक होऊ दे. मग भातकापणी होऊ दे, लोक शेतात आहेत. माझ्या सोबतच्यांना मी विचारलंसुद्धा नाही, मीच त्यांच्या वतीनं नाही म्हणत राहिले. जे लोक मला टोलवतात, या खिडकीतून त्या खिडकीत पाठवतात, त्यांच्यावर मी कितीतरी पत्रकं लिहिली. तुला मी तसंच टोलवलं, आणि ते करताना मला एकदाही त्यांची आठवण आली नाही.

गेल्या हिवाळ्यात तुला कोंडाण्याची लेणी बघायची होती. "तुमचा देव कसा राहतो ते बगू दे एकदा," म्हणालीस. मी म्हटलं, बुद्ध देव नाही. "बरं, जो कोन हाय तो." आई, तू आणि मी गेलो. गावातल्या शेवटच्या घरापाशी तुझे गुडघे संपले. त्या घरातल्या बाईनं बाज टाकली, चहा केला. आई एकटीच वर गेली. मी तुझ्याजवळ बसले.

तू गुलाबी कापडाबद्दल बोलत होतीस. पश्चात्तापाच्या दोन काळांत एकेक रविवार गुलाबी असतो, हे मला नवीन होतं. अर्धं अंतर झालेलं असतं, माणूस दमलेला असतो, म्हणून एक दिवस जांभळं काढून गुलाबी. तुमच्या चॅपेलला गुलाबी कधीच नव्हतं, जांभळ्यावरच भागवायचे. ते तुला शिवायचं होतं.

"अर्द्या वाटंवर बसायचा रंग गं तो. असा. हितं बसलोय ना, तसा."

मग चहाची कपबशी खाली ठेवून विचारलंस, "खुलासा लिवलास?"

"लिहिते मावशी."

"मी हाय तवर लिव. नायतर लोक म्हणतील, मेलेल्या बाईला साक्षीला उभी केली."

मी हसले. तूही हसलीस. आई खाली आली आणि सांगू लागली, वर काय काय कोरलंय. "रंग कुटले हायत?" तू विचारलंस. आई म्हणाली, आता नुसता दगड. "असतील पूर्वी," तू म्हणालीस, आणि आपण उतरलो.

या उपवासकाळातही तू क्रूस झाकलास म्हणे. विहिरीमागं, जिथं तो कुणालाच दिसत नाही तिथं जाऊन. रोझीनं परवा सांगितलं. मला माहीत नव्हतं. मी आले नव्हते.

मिस्सेनंतर रोझीनं एक पिशवी माझ्या हातात दिली. "आत्ते म्हणाली होती, हिला दे." आत गुलाबी कापड होतं, तीन बाजू दुमडून शिवलेल्या, चौथी टाचण्या लावून ठेवलेली. आणि खाली माझी पत्रकं. तो गठ्ठा. तू जाळली नव्हतीस. आम्ही एकाच बाजूला छापतो, मागची बाजू कोरी असते. त्या कोऱ्या बाजूंवर तू वर्षभराचं लिहून ठेवलं होतंस, तुझ्यामागं जो कुणी कपाट सांभाळेल त्याच्यासाठी. कुठल्या रविवारी कुठलं कापड. कुठलं कशात भिजवायचं. लाल एकटं. पांढऱ्याला नीळ. एका पत्रकामागं लिहिलंय, "पाचवा रविवार. क्रूस झाकने. जांबळं. दोरी सैल बांदने, लाकडाला वळ नको. शितलला बोलवने, दोरी धराया."

मी ते उलटलं. दुसऱ्या बाजूला माझा मथळा. क्रूस कुणी झाकला.

काल सोबतच्यांना सांगितलं. एकजण म्हणाला, दोन वर्षांनी? आता कोण विचारतंय, बाई पण गेली. मी म्हटलं, म्हणूनच. तो म्हणाला, वाटेची तारीख पुढच्या महिन्यात आहे, ते हे पत्रक पुढे करतील. करतील. मला ठाऊक आहे. ते करतील तेव्हा तिथं मीच उभी असेन आणि उत्तर द्यावं लागेल. तू म्हणालीस तेव्हा लिहिलं असतं तर तू शेजारी उभी राहिली असतीस, हात कमरेवर ठेवून, आणि कुणाची काही बोलायची हिंमत झाली नसती. ते मी घालवलं. आता खरंच मेलेल्या बाईला साक्षीला उभी करतेय, आणि लोक तसं म्हणतील ते ऐकून घ्यायचं आहे.

आज छापून आलं. थोडी पत्रकं दाऊदभाई गल्ल्यावर ठेवणार आहेत. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "एवढं तर मीबी सांगितलं असतं. कुनी इचारलं नाय." बाकीची मी उद्या स्टेशनबाहेर आणि परवा कशेळ्याला वाटेन. रविवारी चॅपेलच्या दारात. त्या दोन बायकांना पहिली देईन.

मजकूर असा आहे.

"खुलासा. दोन वर्षांपूर्वी आम्ही वाटलेल्या पत्रकात लिहिलं होतं, की चॅपेलसमोरचा क्रूस प्लॉटवाल्यांच्या दबावानं झाकला गेला. ते खोटं होतं. तो क्रूस मार्थामावशीनं झाकला होता, स्वतःच्या हातानं, जांभळ्या कापडानं, दरवर्षीच्या रीतीनं, कुणालाही न घाबरता. लोकांनी थांबून बघावं म्हणून तो झाकतात. पत्रक लिहिणारीनं थांबून बघितलं, पण विचारलं नाही. त्या पत्रकामुळे क्रूस रस्त्यावरून हलला. त्याला जबाबदार पत्रक लिहिणारी आहे. शितल."

मथळ्यात प्रश्न नाही. शेवटी जाब विचारा नाही.

गुलाबीची चौथी बाजू मी शिवायला घेतलीय. माझी शिलाई वाकडी जातेय, रोझी उसवून देते, मी परत घालते. नाताळच्या आधीच्या गुलाबी रविवारपर्यंत होईल.

आणि पत्रक एकाच बाजूला छापलंय, मावशी. मागची बाजू कोरी आहे.